पात्रता : वय पस्तीस पूर्ण

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला असते. तिकडे शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेतून अवेळी फोन आला की आमची ही आधी देवाला हात जोडते आणि मग हिरवं बटण दाबते. त्यामुळे बहुतेक कॉल तोवर बंद झालेले असतात. या वेळी मात्र लागला.

"मामा, तुझा सल्ला हवाय."

मी ताडकन उठून बसलो. निवृत्त झाल्यापासून मला कुणी आपण होऊन सल्ला विचारल्याची ही पहिलीच वेळ. एरवी मी देतो ते सगळे सल्ले स्वयंस्फूर्त असतात.

"मी गव्हर्नर कुणाला करू?"

बँकेत मला साधा शिपाई नेमायचा अधिकार नव्हता. इथे अंथरुणातून उठता उठता आख्खं कॅलिफोर्निया हाती आलं. मी चष्मा शोधू लागलो. चष्म्याशिवाय मला सल्ला देता येत नाही.

भाची गेल्या वर्षी तिकडची नागरिक झाली. तिकडे मतपत्रिका टपालानं घरी येते. तिची जेवणाच्या टेबलावर पडली होती. शेजारी उमेदवारांची माहिती देणारं सरकारी पुस्तक, तेही घरपोच आणि फुकट. तिनं फोन फिरवून मतपत्रिका दाखवली. गव्हर्नरपदाचीच नावं इतकी, की मला आधी ती मुंजीच्या आमंत्रणांची यादी वाटली. सध्याच्या गॅव्हिन न्यूसम यांच्या दोन मुदती संपत आल्या, तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, त्यामुळे मैदान मोकळं. २ जूनला प्राथमिक फेरी. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच पत्रिकेवर, त्यातले पहिले दोन पुढे जाणार आणि ३ नोव्हेंबरला त्या दोघांची कुस्ती.

"एक शेरीफ आहे," भाची सांगू लागली. "चाड बियान्को."

"म्हणजे फौजदार. नको. पुढे?"

"स्टीव्ह हिल्टन. मूळचा इंग्लंडचा. तिथल्या पंतप्रधानांचा सल्लागार होता, मग इकडे येऊन टीव्हीवर बोलायला लागला."

"इंग्लंडचा गव्हर्नर? दीडशे वर्षं अनुभव घेतलाय आम्ही. पुढे?"

"टॉम स्टायर, अब्जाधीश. झेव्हियर बेसेरा, आधीच्या सरकारात आरोग्यमंत्री होते. केटी पोर्टर, त्या पांढरा फळा घेऊन बड्या कंपन्यांच्या साहेबांना समोर बसवून हिशेब विचारायच्या."

इथे हिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. ही छत्तीस वर्षं शाळेत होती. "हिला दे. फळ्यावर लिहिते म्हणजे अक्षर बरं असणार."

"मामी, अक्षरावर गव्हर्नर नाही ठरत."

"मग कशावर ठरतो?"

भाचीला उत्तर सुचलं नाही. तिनं विषय बदलला. "तुमच्याकडे कधी असते गं गव्हर्नरची निवडणूक?"

मी फोन परत घेतला. "आमच्याकडे राज्यपाल निवडून येत नाही. नुसता येतो."

"कुठून?"

"दिल्लीहून."

पलीकडे जरा वेळ शांतता. "मग तुला यातलं काय कळतं?" असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं होतं, पण मुलीवर संस्कार चांगले आहेत. ती म्हणाली, "विचार करून सांग. पाकीट अजून आठवडाभर माझ्याकडेच आहे."

मी विचार करायला हनुमान टेकडीवर गेलो.

टेकडीवर आमचा अकरा जणांचा कंपू आहे. फर्ग्युसन कॉलेजच्या मागून चढायचं, वर बाकावर बसून जग सुधारायचं आणि उतरताना पायथ्याच्या अमृततुल्यात चहा घ्यायचा, असा बारा वर्षांचा नेम. मालकाचे आजोबा राजस्थानातून आले. मालक पितळी पातेल्यापुढे मांडी घालून बसतो, खलबत्त्यात आलं-वेलची कुटतो, फडकं पिळून चहा गाळतो आणि आमचं भांडण कितीही रंगलं तरी "बरं" यापलीकडे बोलत नाही.

मी सगळी हकीगत सांगितली. वर थोडं तिखटमीठ लावलं. म्हणजे कॅलिफोर्नियाचे लोक माझ्या उत्तराची वाट बघताहेत, एवढंच.

"मी तर करून आलो मतदान," बे एरियातून परत आलेले काका म्हणाले. तीस वर्षं तिकडे काढून ते म्हातारपणी भांडारकर रस्त्याला आले. पासपोर्ट अजून अमेरिकेचा आहे. "परदेशात राहूनही तिकडचं मत देता येतं. २००३ मध्येही दिलं होतं. आधीच्या गव्हर्नरला मुदत संपायच्या आत घरी पाठवायची निवडणूक होती. साडेतीन हजार डॉलर आणि पासष्ट सह्या द्या आणि उभे राहा. एकशे पस्तीस उमेदवार! आणि निवडून कोण आला? आर्नोल्ड श्वार्झनेगर. ऑस्ट्रियात जन्मलेला, दंडात बेटकुळ्या."

म्हणजे पुण्यातल्या आमच्या आख्ख्या बाकावर गव्हर्नर निवडण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो अधिकार कॅलिफोर्नियाचा होता. ही गोष्ट सगळ्यांना एकदम झोंबली.

तसं मतदानाच्या बाबतीत आमची उपासमार आहे असं नाही. महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर झाली ती थेट यंदाच्या १५ जानेवारीला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकानं आमचा सांभाळ केला. पण थकबाकी चुकती करावी तशी एकेका मतदाराला चार चार मतं मिळाली. अ, ब, क, ड. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. मी तीन बटणं दाबली आणि लोकशाही बळकट करून बाहेर निघालो. यंत्र काही वाजेना. केंद्रावरच्या बाई पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडून ओरडल्या, "आजोबा, निळा राहिला!" मी घाईघाईनं परत जाऊन समोर आलेला निळा दाबला. रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या सोसायटीला तेव्हापासून वाटतं, की माझं ड गटातल्या कुणाशी तरी वाकडं आहे.

"आपल्याकडे का नसावी राज्यपालांची निवडणूक?" पत्रवाले काका गरजले. वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेली तीस वर्षं त्यांनी आपला मुक्काम ठेवलेला आहे.

"असणार होती," मागून आवाज आला.

बोलणारा नांदेडकडचा मुलगा होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी करतो आणि रोज टेकडी पळतो. आम्हाला ओलांडून जाताना "काका, बाजूला" एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. आज तो धापा टाकत थांबला.

"जुलै १९४७ मध्ये घटना समितीनं ठरवलं होतं, की राज्यपाल लोकांनी थेट निवडायचा. प्रौढ मतदानानं. सरदार पटेलांच्या समितीची शिफारस होती. मग दोन वर्षं विचार बदलत गेला आणि मे १९४९ मध्ये ठरलं की राष्ट्रपतींनी नेमायचा. अनुच्छेद १५५."

"का पण?"

"मुख्यमंत्रीही लोकांच्या मतांवर आलेला आणि राज्यपालही. मग ऐकायचं कोणी कोणाचं?"

"एका म्यानात दोन तलवारी," निवृत्त अधीक्षक म्हणाले. त्यांच्या घरी दोन सुना आहेत. त्यांना लगेच पटलं.

"आणि पात्रता काय लागते?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अनुच्छेद १५७. भारताचा नागरिक आणि वय पस्तीस पूर्ण. बस."

"शिक्षण?"

"अट नाही."

"वरची वयोमर्यादा?"

"नाही."

बाकावर एकदम हालचाल झाली. पाठी ताठ झाल्या. आजवर आम्ही एवढंच समजत होतो, की या देशात आमच्या लायकीचं पद शिल्लक नाही.

"पगार?" अधीक्षकांनी विचारलं.

"महिना साडेतीन लाख. राहायला घर, त्याचं भाडं नाही. आपल्या राज्यपालांना तर मुंबईत मलबार हिल, शिवाय पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर."

"मलबार हिलला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. ओल येत असणार," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना फुकटच्या घरातही गळती दिसते. "आपण पुण्यातच राहू."

"आपण" म्हणाले. मी तो शब्द टिपून ठेवला.

पुण्याला हे पद तसं नवं नाही. इंग्रज गव्हर्नर पावसाळा काढायला मुंबईहून इथे यायचा. त्याच्यासाठी गणेशखिंडीत १८६४ साली बंगला बांधायला घेतला, तो १८७१ मध्ये पुरा झाला. पुण्यातल्या कामाला सात वर्षं लागायची पद्धत इतकी जुनी आहे. पुढे १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ आलं. राज्यपाल आता त्या विद्यापीठाचे कुलपती असतात, म्हणजे घर सुटलं तरी ताबा सुटला नाही. ते पुण्यात आले की विद्यापीठ चौकात आमची गाडी अडवतात. राज्यपालांचं दर्शन मला घडलेलं नाही. त्यांच्यासाठी थांबण्याचं पुण्य मात्र पदरी बरंच आहे.

तर असं ठरलं, की पुढच्या रविवारी टेकडीवर राज्यपालपदाची निवडणूक घ्यायची. गंमत म्हणून. पुण्यात गंमत म्हणून काही करायचं ठरलं की आधी नियमावली होते. नांदेडचा मुलगा वयानं सव्वीस, म्हणजे उभा राहू शकत नाही. म्हणून तो निवडणूक निर्णय अधिकारी. अनामत किती, यावर पाऊण तास गेला. महापालिकेला खुल्या गटात पाच हजार असते, असं सेक्रेटरींनी सांगितल्यावर दोघांनी माघार घेतली. शेवटी पन्नास रुपये ठरले, तेही परतीच्या बोलीवर.

आठवडाभर प्रचार चालला. एकेक उमेदवार ऐकण्यासारखा होता.

पत्रवाल्या काकांचं म्हणणं असं : राज्यपाल मुख्य काम काय करतो? सरकारला पत्र पाठवतो. "ते मी तीस वर्षं बिनपगारी करतोय. आणि माझी पत्रं छापूनही येतात."

निवृत्त अधीक्षक पाटबंधारे खात्यातले. त्यांचा मुद्दा जास्त खोल होता. "सही करणं कुणालाही जमतं हो. न करता फाइल ठेवणं, ही कला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं विधान परिषदेसाठी बारा नावांची यादी राजभवनावर पाठवली. ते सरकार गेलं, यादी काही बाहेर आली नाही. मी ते रोज वर्तमानपत्रात वाचायचो आणि मला माझ्या टेबलाची आठवण यायची." बोलताना त्यांचा कंठ दाटून आला.

हास्यक्लबच्या वहिनींनी वेगळीच बाजू मांडली. २०१९ च्या नोव्हेंबरातल्या त्या प्रसिद्ध दिवशी पहाटे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास शपथविधी झाला, याची त्यांनी आठवण करून दिली. "या पदाला पहाटे उठणारा माणूस पाहिजे. तुमच्यापैकी किती जण साडेचारला उठतात?" सगळे टाचा घासू लागले. "आणि उठून हसता किती जणांना येतं?"

सेक्रेटरींनी जाहीरनामा काढला नाही. त्यांनी सूचनाफलकावर सूचना लावली : 'राज्यपालपदाचे उमेदवार म्हणून मा. सेक्रेटरी यांना मत द्यावे. या सूचनेवर कोणीही काही लिहू नये.' दुपारपर्यंत त्याखाली कुणीतरी 'का?' असं लिहून गेलं.

आणि पाचवा मी. उभं राहायचं माझ्या मनातही नव्हतं. पण चार माणसं चुकीच्या कारणांसाठी उभी आहेत म्हटल्यावर मला राहवलं नाही. माझी बाजू घटनात्मक होती. राज्यपाल विधिमंडळापुढे अभिभाषण करतात त्यात 'माझे शासन' असं सारखं येतं, पण भाषण लिहितं सरकार आणि वाचतात राज्यपाल. आमच्या घरात हीच व्यवस्था एकतीस वर्षं सुरळीत चालू आहे. यंदा कुठे जायचं, जुनं कपाट काढायचं की नाही, सोफ्याला रंग कुठला, हे सगळं मी चारचौघांत ठणकावून सांगतो. ठरलेलं असतं आत.

हीही मतदार होती. रविवारी ती टेकडीवर येते. मत कुणाला देणार म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "गुप्त असतं ना?" माझा घास तिथेच अडला.

छाननीच्या दिवशी घात झाला.

नांदेडच्या मुलानं एकेक अर्ज हातात घेतला. बे एरियावाल्या काकांनीही अर्ज भरला होता; ते पहिल्याच फेरीत बाद. 'ओव्हरसीज सिटिझन'चं कार्ड आहे, नागरिकत्व नाही. "मी कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर निवडू शकतो आणि टेकडीचा होऊ शकत नाही?" ते म्हणाले. "तिकडे उभे राहा की," कुणीतरी सुचवलं, "तिकडे ऑस्ट्रियाचा चालतो, इंग्लंडचा उभा आहे, भांडारकर रस्त्याचा का चालू नये?" ते खरोखर विचारात पडले.

मग सेक्रेटरी. अनुच्छेद १५८, लाभाचं पद. पत्रवाल्या काकांनी आक्षेप घेतला, की पार्किंगमध्ये आंब्याच्या सावलीतली एकमेव जागा सेक्रेटरींच्या स्कूटरला आहे आणि ती कुठल्याही सभेत मंजूर झालेली नाही. सेक्रेटरींनी स्कूटर उन्हात लावायची तयारी दाखवली. हे पाहून मला राज्यपालपदाची थोरवी पहिल्यांदा कळली. या स्कूटरवरून आजवर तीन वार्षिक सभा उधळल्या होत्या.

"आणि अजून एक आहे," मुलगा म्हणाला. "कायद्यात नाही, पण प्रथा आहे. राज्यपाल सहसा त्या राज्याबाहेरचा असतो. श्रीप्रकाश काशीचे. अलेक्झांडर आणि शंकरनारायणन केरळचे. जमीर नागालँडचे, कोश्यारी उत्तराखंडचे."

"बरोबर," अधीक्षक म्हणाले. "आपले काकासाहेब गाडगीळ राज्यपाल झाले, पण कुठे? पंजाबात. १९५८ ला. नंतर पुण्यात परत आले ते विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून."

"म्हणजे टेकडीच्या राज्यपालाला पुण्याबाहेरचं असावं लागेल," मुलानं निर्णय दिला.

बाकावर स्मशानशांतता पसरली. आमच्यापैकी प्रत्येकानं उभा जन्म आपण मूळ पुण्याचे आहोत हे शाबीत करण्यात घालवलेला. पत्रवाल्या काकांच्या घरात सात पिढ्यांचा वंशवृक्ष काचेत लावला आहे आणि सातही पिढ्या लक्ष्मी रस्त्याच्या अलीकडच्या आहेत. पाहुण्याला चहा येईपर्यंत तो वाचावा लागतो, आणि चहा येईलच असं नाही.

पत्रवाल्या काकांनी घसा खाकरला. "तसं पाहिलं तर... आठवी पिढी गुहागरची."

बांध फुटला. अधीक्षक मूळचे वाईचे निघाले. वहिनींनी माहेर काढलं. ते बेळगावचं, म्हणजे थेट राज्याबाहेरचं. त्या विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघू लागल्या. त्यावर अधीक्षक म्हणाले, की बेळगाव आपलंच आहे, ते बाहेरचं मानलं तर सीमाप्रश्नावरची महाराष्ट्राची बाजू कमजोर होईल. वहिनी पेचात सापडल्या : बेळगाव महाराष्ट्रात आणावं, तर राज्यपालपद जातं. मी आजोळ रत्नागिरी सांगून टाकलं. तिकडे मी एकदाच गेलो होतो, तेव्हा मला गोवर निघाला होता. सेक्रेटरींनी कमाल केली. म्हणाले, "मी कोथरूडला वाढलो. आमच्या लहानपणी कोथरूड पुण्यात धरत नव्हते."

मुलानं सगळ्यांचे अर्ज वैध ठरवले. त्याला सकाळी दहाला अभ्यासिकेत पोहोचायचं होतं.

मतदान झालं. अकरा मतदार, अकरा पत्रिका, श्रीखंडाचा रिकामा डबा. मुलगा मोजायला बसला. पहिली पत्रिका उघडली, बघितली, बाजूला ठेवली. दुसरीही बाजूला. चौथ्या पत्रिकेला त्यानं आमच्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतले गणिताचे मास्तर आठवले.

झालं होतं असं, की पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यानं पत्रिका छापून आणल्या होत्या आणि वर मथळा होता 'राज्यपालपदाची निवडणुक २०२६'. णु ऱ्हस्व.

अकराच्या अकरा मतदारांनी तो आधी दीर्घ केला होता आणि मग मत दिलं होतं. कुणी लाल पेननं, कुणी निळ्या. हिनं शेजारी गोलात 'शुद्धलेखन!' असं लिहून दोन गुण कापले होते. पत्रवाल्या काकांनी समासात 'असे का होते?' असा सवाल करून खाली 'कळावे' घातलं होतं. तेवढ्यावर भागलं असतं. पण आम्ही पडलो निवृत्त नोकरदार. मी स्वतः एकतीस वर्षं बँकेत काढलेली. खाडाखोड दिसली की पूर्ण सही केल्याशिवाय माझा हात मागे येत नाही. मी दुरुस्तीवर सही केली होती आणि खाली तारीख टाकली होती. अधीक्षकांनी सही केली होती. आयुष्यात प्रथमच, तीही लगेच. सेक्रेटरींनी सही करून सोसायटीचा शिक्का मारला होता.

"मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद," मुलगा म्हणाला. "अकरा बाद. वैध शून्य."

"फेरमतदान घ्या!"

"मला परीक्षा आहे हो काका," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "१५५ वापरा. नेमून टाका कुणालातरी."

नेमायचा अधिकार, वयाचा मान म्हणून, आमच्यातल्या एक्याण्णव वर्षांच्या आजींना दिला. त्या काठी टेकत रोज अर्धीच टेकडी चढतात आणि आमचं अर्धंच ऐकतात. त्यामुळे त्यांची तब्येत उत्तम आहे. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"चहावाल्याला करा. ऐकतो सगळ्यांचं, बोलत काही नाही. आणि तो बाहेरचा आहे."

सगळे गप्प झालो. पस्तीस पूर्ण, नागरिक, लाभाचं दुसरं पद नाही, आजोबा राजस्थानचे. मिरवणुकीनं आम्ही खाली उतरलो. मालक फडकं पिळत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं पातेल्याखालची आच कमी केली. आम्हाला वाटलं, आता "बरं" म्हणणार.

"बाहेरचा?" तो म्हणाला. "मी पुण्याचा आहे. जन्म इथला, शाळा इथली, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. बाहेरचा कोणाला म्हणता?"

गेल्या आठवडाभरात टेकडीवर "मी पुण्याचा" असं छातीवर हात ठेवून म्हणणारा तो एकटा निघाला. अर्थातच बाद झाला.

पद रिकामं राहिलं. आता पुढे काय, तेही त्या मुलानंच सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा महाराष्ट्राचं राज्यपालपद रिकामं झालं आणि गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार गेला. एक माणूस दोन राज्यांचा राज्यपाल असू शकतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं तशी सोय केलेली आहे. त्या नियमानं हनुमान टेकडीचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या वेताळ टेकडीवरच्या कंपूकडे जातो. ती माणसं रोज मोर दिसल्याचं सांगतात आणि आमच्या टेकडीला 'उंचवटा' म्हणतात.

हे ऐकल्यावर मात्र सगळे एक झाले. आमच्याकडे राज्यपालपद अस्तित्वातच नाही, असा ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. अनामतीतून चहा घेतला. वरचे वीस रुपये कुणाचे, हे अजून ठरलेलं नाही.

घरी आलो तर भाचीचा निरोप : 'मामा, ठरलं का? पाकीट उद्या टाकायचंय.'

मी चष्मा लावला आणि एका बोटानं उत्तर लिहिलं : 'उमेदवार तूच ठरव. मतपत्रिकेवर शुद्धलेखनाची चूक दिसली तर डोळे मीट. नावापुढचा गोल भर, बाकी कुठेही पेन लावू नकोस. सही फक्त पाकिटावर कर.'

हिनं वाचून पाहिलं आणि पाठवण्याआधी त्यातला 'ऊ' दुरुस्त केला.